छातीतलं पाणी, मेणाचा ब्लॉक आणि आमचे साडेसात आठवडे

आईला खोकला सुरू झाला तो 2023च्या दिवाळीत. चकल्यांचं तळण चालू होतं, त्यामुळे तेलाच्या धुराचा ठसका असेल असं तिलाही वाटलं आणि मलाही. डिसेंबरात गावच्या डॉक्टरांनी दोनदा अँटिबायोटिक आणि एक खोकल्याची बाटली दिली. जानेवारी उजाडला तेव्हा तिला माडीचा जिना एका दमात चढवेना, आणि रात्री डाव्या कुशीवर झोपलं की धाप लागायची. आई 61 वर्षांची. विडी-तंबाखू सोडाच, आमच्याकडच्या बायका लावतात ती मिश्रीही तिनं कधी लावली नाही. चुलीपुढे मात्र पस्तीस वर्षं बसली. फुप्फुसाचा कॅन्सर हा शब्द आमच्या कुणाच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं.

हे सगळं तारखांसकट लिहितेय, कारण त्या दिवसांत मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर शोधत बसायचे आणि आपल्या भाषेत, आपल्यासारख्या घरातल्या माणसानं लिहिलेलं जवळजवळ काहीच सापडायचं नाही. उपचार डॉक्टर ठरवतील. पण आजाराचं नेमकं नाव ठरवायला पेशी लागतात, आणि त्या पेशी कुठे जातात, किती उरतात, कुणाकडे असतात याकडे घरच्यांनी लक्ष द्यावं लागतं. मला हे कळायला जवळजवळ एक महिना लागला.

9 जानेवारी 2024ला तालुक्याच्या गावी एक्स-रे काढला, 350 रुपये. उजव्या बाजूचं फुप्फुस खालून अर्धं पांढरं दिसत होतं. "छातीत पाणी झालंय," डॉक्टर म्हणाले. 11 तारखेला एका रुग्णालयात ते पाणी काढलं. याला सगळे टॅपिंग म्हणतात. रुग्णाला पलंगावर पुढे वाकवून बसवतात, पाठीवर भुलीचं इंजेक्शन देतात आणि बरगड्यांच्या मधून सुई घालतात. आईला फारसं दुखलं नाही, शेवटी शेवटी खोकल्याची उबळ आली तेवढीच. 1100 मिली पाणी निघालं, कोऱ्या चहासारखं, किंचित लालसर. त्यातले दोन लहान बल्ब (तपासणीच्या छोट्या बाटल्या) भरून प्रयोगशाळेत गेले. उरलेला सगळा जार वॉर्डातल्या मुलानं माझ्यासमोर मोरीत ओतला. मी बघत होते. उलट बरंच वाटलं मला, घाण गेली एकदाची असं.

तीन दिवसांनी अहवाल आला. प्रथिनं जास्त, लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) 85 टक्के, एडीए (टीबीत वाढणारं एक द्रव्य) 46, कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. टीबीची सीबीनॅट तपासणी निगेटिव्ह. एडीए 40च्या वर आणि लिम्फोसाइट जास्त असले की आपल्याकडे डॉक्टरांच्या मनात आधी टीबी येतो, आणि त्यात गैर काही नाही, कारण आपल्याकडे छातीत पाणी होण्याचं ते फार मोठं कारण आहे. निक्षयमध्ये, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणीत, नाव गेलं, सरकारी केंद्रातून गोळ्या फुकट मिळाल्या, त्या सुरू झाल्या. लघवी केशरी झाली, जेवण तुटलं, पण खोकला हटला नाही. 5 फेब्रुवारीला पुन्हा एक्स-रे काढला तर पाणी परत तितकंच.

त्या रात्री दादाचा फोन आला, "गाडी सांगितलीय, पुण्याला न्यायचं." पुण्यातल्या छातीच्या डॉक्टरांची 8 फेब्रुवारीची वेळ मिळाली, फी 900. त्यांनी फाइल चाळली, सीटी स्कॅन सांगितला (5,500 रुपये, त्याच दिवशी झाला) आणि मग मला विचारलं, "पहिलं पाणी किती काढलं होतं? त्यातलं कॅन्सरच्या तपासणीला किती पाठवलं?" मी म्हणाले, दोन बल्ब. त्यातला एक एडीएला गेला होता. म्हणजे पेशी शोधायला जेमतेम दहा मिली. "आणि बाकीचं?" मी गप्प राहिले. मोरीत चाललेली ती तांबूस धार डोळ्यांसमोर आली आणि पोटात कालवलं.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी कागद ओढून समजावून सांगितलं. छातीतलं पाणी कॅन्सरमुळे झालेलं असलं तरी पहिल्या तपासणीत पेशी सापडण्याचं प्रमाण साधारण 60 टक्के. म्हणजे दहातल्या चार जणांचा पहिला अहवाल 'दिसल्या नाहीत' असाच येतो, आणि 'दिसल्या नाहीत' याचा अर्थ 'नाहीत' असा होत नाही. दुसऱ्यांदा भरपूर पाणी पाठवलं तर आणखी काही जण सापडतात. एडीए कधीकधी कॅन्सरमध्येही वाढतं. त्यातून आईचं पाणी लालसर होतं आणि सीटीत उजव्या फुप्फुसात अडीच सेंटिमीटरची गाठ दिसत होती. "उद्या परत काढू," ते म्हणाले. "पण या वेळी सगळं पाणी तपासायला जाईल आणि सेल ब्लॉक करायचा."

सेल ब्लॉक हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पुढे तो इतका महत्त्वाचा ठरला की जरा सविस्तर सांगते.

9 फेब्रुवारी, शुक्रवार. टॅपिंगला 3,200 रुपये. 900 मिली पाणी निघालं. एक बाटली सूक्ष्मजीव तपासणीला, एक बायोकेमिस्ट्रीला आणि बाकी सगळं सायटॉलॉजीला, म्हणजे पेशी बघायला. गुठळ्या होऊ नयेत म्हणून बाटलीत आधीच औषध घातलेलं होतं. प्रयोगशाळा त्याच इमारतीत तळमजल्यावर होती, तरी मी सिस्टरांना म्हणाले, मीच घेऊन जाते. बाटल्या अजून कोमट होत्या. खालच्या काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे: पाणी लगेच पोचणार नसेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलं की पेशी फुटतात.

सोमवारी, 12 तारखेला, पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मला आत बोलावलं. अहवाल अजून टाइप व्हायचा होता. त्यांच्याकडे दोघांना एकदम बघता येईल असा दुहेरी सूक्ष्मदर्शक होता. "बघायचंय? काहींना नको वाटतं," त्या म्हणाल्या. मी बघितलं. फिक्या निळसर-गुलाबी पाण्यावर मोहरीसारखे बारीक, गडद ठिपके पसरलेले. ते लिम्फोसाइट, म्हणजे शरीराचे नेहमीचे शिपाई. पहिल्या अहवालात जे 85 टक्के होते तेच हे. त्यांच्यामध्ये ठिकठिकाणी गोळे होते. तुतीच्या फळासारखे, बाहेरच्या कडेला एकेक फुगीर दाणा असलेले. "हे ते. प्रत्येक दाणा म्हणजे एक पेशी. तिचं केंद्रक बघा केवढं मोठं आहे, आणि या एकात पांढरी पोकळी दिसतेय ना, त्यात चिकट द्रव साठलाय. ग्रंथीतून आलेली पेशी आहे ही." मी डोळा काढला नाही. आईच्या छातीत हे महिनोन् महिने होतं, आणि बघायला खरंच सुबक होतं. नंतर बाहेर बाकावर बसून रडले.

स्लाइडवरून कॅन्सर आहे आणि तो बहुधा ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथीच्या पेशींचा कॅन्सर आहे इतकं कळलं. पण तो फुप्फुसातलाच आहे की दुसरीकडून आलेला, हे कळायला सेल ब्लॉक लागतो. मॅडमनी तो कसा करतात तेही सांगितलं. पाणी यंत्रात जोरात फिरवतात, म्हणजे सगळ्या पेशींचा साका तळाला बसतो. वरचं पाणी टाकून त्या साक्यात प्लाझ्मा आणि थ्रॉम्बिनचे थेंब घालतात. मग तो दह्यासारखा विरजतो. तो गोळा गाळणकागदात गुंडाळून फॉर्मालिनमध्ये ठेवतात आणि शेवटी मेणात बसवतात. झाला ब्लॉक. नखाएवढा, प्लॅस्टिकच्या जाळीदार चौकटीवर बसवलेला मेणाचा तुकडा, मधोमध तपकिरी डाग. आता तो बायोप्सीच्या तुकड्यासारखा वापरता येतो, त्याचे 3-4 मायक्रॉन जाडीचे पापुद्रे काढता येतात. आपला केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो, म्हणजे केवढे पातळ ते बघा. साधी स्लाइड एकदा रंगवली की काम संपलं. ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो.

त्या पापुद्र्यांवर वेगवेगळे रंग चढवून पेशीचं मूळ गाव शोधतात. याला आयएचसी म्हणतात. आईच्या अहवालात टीटीएफ-1 आणि नॅप्सिन ए पॉझिटिव्ह आले. हे दोन्ही फुप्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमाकडे बोट दाखवतात. पी40 निगेटिव्ह, म्हणजे स्क्वॅमस प्रकार नाही. कॅलरेटिनिन निगेटिव्ह, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणातल्या पेशींचा आजार नाही. हा अहवाल 17 फेब्रुवारीला मिळाला. सायटॉलॉजी आणि ब्लॉकचे 2,400, आयएचसीचे 7,500 रुपये. मॅडमनी चारच रंग लावले. "आणखी लावता येतील, पण प्रत्येक रंगाला एक पापुद्रा जातो. तुमचा माल जनुकांच्या तपासणीसाठी राखायचाय," असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. सगळीकडे असं कुणी आपणहून सांगेलच असं नाही, म्हणून आयएचसी सुरू होण्याआधी 'जनुकांच्या तपासणीपुरतं ठेवा' अशी विनंती आपणच करावी. तपासणीच्या फॉर्मवर डॉक्टरांकडून तसं लिहून घ्यावं, म्हणजे आणखी चांगलं.

टीबीच्या गोळ्या त्या दिवशी बंद झाल्या. पाण्यातच पेशी सापडल्यानं टप्पा चौथा, हेही त्याच दिवशी कळलं. त्या संध्याकाळबद्दल मला फार लिहायचं नाही.

आईला सांगायचं की नाही यावर दादा आणि मी दोन दिवस भांडलो. दादाचं म्हणणं, ती हबकेल. आम्ही तिला 'पाण्यात जंतू आहेत' एवढंच सांगून ठेवलं होतं. तो प्रश्न शेवटी एका कागदानं सोडवला. जनुकांच्या तपासणीला रुग्णाची स्वतःची संमती लागते. 19 तारखेला काउंटरवरच्या मुलानं तो मराठी-इंग्रजी फॉर्म थेट आईच्याच हातात दिला. ती सातवी शिकलेली, चष्मा लावून सावकाश वाचते. दादा कागद घ्यायला पुढे झाला तर तिनं हात बाजूला केला. सगळं वाचलं, अंगठा एका ओळीवर टेकवला आणि म्हणाली, "यात कॅन्सर लिवलंय. मला कवा सांगनार हुता?" मग सही केली. गाडीत बसल्यावर तिनं एवढंच विचारलं, "त्या पाण्यात गावलं व्हय ते?" मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेलं सगळं तिला सांगितलं, तुतीच्या फळासकट. ती ऐकत राहिली. त्यानंतर आमच्या घरात लपवाछपवी राहिली नाही आणि पुढचे सगळे दिवस त्यामुळे सोपे गेले. ज्यांच्या घरी हाच वाद चालू असेल त्यांच्यासाठी लिहिलं.

आता जनुकांची तपासणी. कॅन्सरच्या पेशीत ठरावीक जनुकात बदल असेल तर केमोऐवजी किंवा केमोसोबत रोजची गोळी चालते. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये त्यातलं सगळ्यात ओळखीचं जनुक ईजीएफआर. गोळीचा गुण ठरावीक रुग्णांनाच का येतो याचं उत्तर 2004 साली मिळालं, ते याच जनुकातल्या बदलांत. भारतात ॲडिनोकार्सिनोमाच्या साधारण पाव हिस्सा रुग्णांत हा बदल सापडतो, आणि धूम्रपान न करणाऱ्या बायकांमध्ये जास्त. डॉक्टरांनी दोन पर्याय मांडले. एक, मोठं पॅनेल, म्हणजे एनजीएस: अनेक जनुकं एकदम, 38,000 रुपये, दोन ते तीन आठवडे. दोन, ईजीएफआर पीसीआरनं 9,000 रुपयांत आठवडाभरात, आणि सोबत एएलके, आरओएस1 ही आणखी दोन जनुकं ब्लॉकच्या पापुद्र्यांवर. पैसे असतील तर पॅनेल चांगलं, कारण एकेक तपासणी करत गेलं की ब्लॉक संपतो, असं ते स्पष्ट म्हणाले. आमच्याकडचे पैसे मोजून झाले होते आणि पेट स्कॅन (13,500) व मेंदूचा एमआरआय (7,000) अजून व्हायचे होते. दुसरा पर्याय घेतला.

यात मॅडमनी एक बारीक पण मोलाची गोष्ट केली. ब्लॉक यंत्रावर प्रत्येक वेळी नव्यानं चढवला की तो सपाट करताना वरचे काही पापुद्रे वाया जातात. म्हणून लागणारे सगळे कोरे पापुद्रे त्यांनी एकाच बैठकीत काढून ठेवले. हे आपण सुचवू शकतो. विचारायला संकोच वाटतो, पण विचारावं.

20 तारखेला माल जनुकांच्या प्रयोगशाळेत पोचला आणि दोन दिवस काहीच हाललं नाही. फोन करून विचारलं तर कळलं, रोखून ठेवलाय. ब्लॉकच्या चिठ्ठीवर आईच्या नावात मधलं नाव होतं, फॉर्मवर नव्हतं. पेशंट तोच आहे का याची खात्री झाल्याशिवाय ते पुढे जात नाहीत, आणि तसं जाऊही नये. पण हे आम्हाला कुणी फोन करून कळवलं नव्हतं, मीच विचारलं म्हणून उलगडलं. आधार कार्डाची प्रत आणि रुग्णालयाचं पत्र मेल केल्यावर 22ला काम सुरू झालं. तेव्हापासून मी प्रत्येक काउंटरवर आधारवरचं नावच अक्षर न् अक्षर तसंच सांगते आणि चिठ्ठी चिकटवताना वाचून घेते.

त्या वाट पाहण्याच्या दिवसांत ओपीडीच्या बाकावर बार्शीकडच्या एका काकांची ओळख झाली. त्यांना छातीत पाणी नव्हतं. छातीच्या मधोमध, श्वासनळीलगत खोल जागी लिम्फ नोड (गाठी) सुजलेले. त्यांची तपासणी ईबसनं झाली. तोंडातून श्वासनळीत दुर्बीण जाते, तिच्या टोकाला सोनोग्राफी असते, आणि तिथूनच भिंतीपलीकडच्या गाठीत बारीक सुई घालतात. गुंगी देतात, कापाकापी नाही, काका संध्याकाळी घरी गेले. खर्च 32,000. त्यांनी सांगितलं, आत प्रयोगशाळेचा माणूस सूक्ष्मदर्शक घेऊनच बसला होता. सुई बाहेर आली की थेंब स्लाइडवर, झटपट रंग, आणि 'पुरेशा पेशी आल्या' किंवा 'अजून एकदा घाला' असं जागेवरच. ही सोय सगळीकडे नसते. तरी विचारून बघावं, कारण 'नमुना अपुरा' असा अहवाल घेऊन परत तेच करायला जाणं फार जिवावर येतं. काकांचं तसं एकदा झालं होतं.

1 मार्च, शुक्रवार. दुपारी मी शाळेत होते, सहावीचा तास चालू होता. मोबाइल थरथरला. अहवालात ओळ होती: ईजीएफआर, एक्झॉन 19 डिलीशन आढळलं. एएलके, आरओएस1 निगेटिव्ह. एक्स-रेपासून इथवर 52 दिवस. गोळी चालेल असा हा बदल होता. चौथ्या टप्प्याच्या आजारात आनंदाची बातमी म्हणावी असं काही असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

दादाचा आग्रह होता की परळच्या टाटा मेमोरियलचंही मत घ्यावं. तिथे बाहेरून आलेल्या रुग्णाच्या स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही मागतात, त्यांचे पॅथॉलॉजिस्ट ते पुन्हा बघतात. केवळ अहवालाची झेरॉक्स पुरत नाही. ब्लॉक मिळवायला पुण्याच्या प्रयोगशाळेत लेखी अर्ज, आईचं आधार, माझं आधार, वहीत सही आणि 500 रुपये अनामत. एक दिवस आधी फोन केला तर शोधून काढून ठेवतात, नाहीतर थांबावं लागतं. मी ब्लॉक लहान झिपच्या पिशवीत, ती पिशवी डब्यात, डबा माझ्या पर्समध्ये असं नेलं. मार्चचं ऊन होतं. मेण आहे ते, गाडीच्या काचेपाशी किंवा डिकीत ठेवू नका, आणि स्लाइड त्यांच्या खाचांच्या डबीतच न्या. संपूर्ण प्रवासात पर्स मांडीवरून खाली ठेवली नाही. माझ्या आईचा आजार आणि त्यावरचा उपाय, दोन्ही त्या मेणात होतं.

तिथल्या फेरतपासणीतही निदान तेच निघालं. गोळी एकटी द्यायची की केमोसोबत, यावर बोलणं झालं. गेफिटिनिबला (ईजीएफआरवरची गोळी) केमोची जोड दिली तर आजार थोपून राहण्याचा काळ 8 महिन्यांवरून 16 महिन्यांवर गेला, हा 350 रुग्णांचा अभ्यास टाटातच झालेला. त्रासही जास्त होतो हेही त्यांनी सांगितलं. ऑसिमर्टिनिब ही पुढची गोळी तेव्हा आमच्या आवाक्यातच नव्हती. आईनं स्वतः जोड-उपचार निवडले, आणि पुण्यात 13 मार्चला सुरू झाले. अंगावर पुरळ, जुलाब, केमोनंतरचे चार-पाच दिवस वाईट. पण पाणी आटलं. 2024च्या दिवाळीत तळणाला तीच बसली. गॅसवर, खिडकी उघडी ठेवून.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. 2025च्या ऑगस्टमध्ये खोकला परत आला. या गोळ्या काही काळानं थकतात, आजार वाट काढतो, आणि ती वाट बरेचदा त्याच जनुकातला टी790एम हा नवा बदल असतो. तो असेल तर ऑसिमर्टिनिब चालते. आधी रक्तातून बघू, डॉक्टर म्हणाले. मेलेल्या कॅन्सर-पेशींचा डीएनए रक्तात उतरतो, तो शोधायचा. सुईची टोचणी तेवढीच, फक्त रक्त खास नळ्यांमध्ये घेतात आणि वेळेत पोचवावं लागतं. 18 ऑगस्टला दिलं, 27ला अहवाल आला: आढळलं नाही.

2024ची मी असते तर तो कागद घडी करून ठेवला असता. या वेळी पूर्ण वाचला. रक्तात टी790एम नव्हतंच, पण आईचं मूळचं एक्झॉन 19 डिलीशनही दिसलं नव्हतं. ते तर तिच्यात आहे हे पक्कं माहीत. मी डॉक्टरांना हे दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "बरोबर. म्हणजे रक्तात पुरेसा डीएनए उतरलेलाच नाही. या अहवालावरून काहीच ठरवता येत नाही. पाणी काढू."

2 सप्टेंबरला टॅपिंग झालं. छातीत थोडंच पाणी जमलं होतं, सोनोग्राफीत बघून सुई घातली. मी पडद्याच्या अलीकडे उभी. 400 मिली निघालं. वॉर्डात नवीन मुलगा होता, त्यानं दोन बल्ब भरले, झाकणं लावली आणि जार उचलला. मी पडदा सारायच्या आत आईचा आवाज आला. अजून ती पुढे वाकून उशीवर डोकं टेकून बसलेली, धाप लागलेली.

"ए बाळा, वतू नगंस त्ये. माझं हाय. समदं खाली लॅबमधी जायचंय."

मुलगा थांबला. सिस्टरांनी मोठ्या बाटल्या आणल्या, आईनं मान वळवून चिठ्ठीवरचं नाव वाचून घेतलं आणि मगच आडवी झाली.

12 सप्टेंबरला सेल ब्लॉकवरचा अहवाल आला, टी790एम आढळलं. ऑसिमर्टिनिबवरचं सीमाशुल्क 2024च्या जुलैतल्या अर्थसंकल्पात माफ झालं आणि नंतर जीएसटीही 12वरून 5 टक्क्यांवर आला. तरी किंमत आमच्या घराला जड आहे, कंपनीच्या मदत योजनेचा अर्ज रुग्णालयातल्या समाजसेविकेनं भरून दिला, म्हणून निभतंय. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि दोन्ही जनुक-अहवालांच्या प्रती लागल्या. 18 सप्टेंबरला पहिली गोळी घेतली.

दोन्ही ब्लॉक आता पुण्याच्या प्रयोगशाळेत आहेत. त्यांचे क्रमांक, तारखा आणि अनामतीच्या पावत्या मी आईच्या फाइलच्या पहिल्याच पानावर चिकटवल्यात, दादाच्या मोबाइलमध्ये त्या पानाचा फोटो आहे. पुढचा स्कॅन डिसेंबरात.